खात्रीसाहेबांचं गुलाबी कडं

समोरचा माणूस खोटं बोलतोय अशी शंका आली की खात्रीसाहेब आधी चष्मा काढायचे. पुसायचे वगैरे नाहीत. नुसता काढून टेबलावर ठेवायचे आणि उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत बसायचे. "कागद चष्म्यानं वाचता येते," ते म्हणायचे, "माणूस नाही वाचता येत."

आमचं विम्याचं ऑफिस नागपुरात सदरला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. ते क्लेम विभागात होते आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी. म्हणजे लोकांवर संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळायचा. पण ऑफिस सुटल्यावर संशय ड्रॉवरमध्ये ठेवून घरी जाणाऱ्यांपैकी ते नव्हते. रस्त्यावरचा संत्रेवाला ओरडायचा, "साखर आहे साहेब, साखर!" तर हे एक संत्रं उचलून सोलायचे आणि अर्धं त्याच्याच हातावर ठेवायचे. "आधी तू खा गा. मी तुझं तोंड पाहतो." तो खायचा, हे त्याचं तोंड निरखायचे आणि मग घ्यायचे, किंवा नाही घ्यायचे. देवळातला प्रसाद हुंगून खायचे. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझं ओळखपत्र मागून घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाले, "असू शकते."

'खात्री केली का?' हा त्यांचा प्रश्न दिवसभर ऑफिसात फिरत असे. चहावाल्याला, मॅनेजरला, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालाही. म्हणून सगळे त्यांना खात्रीसाहेब म्हणायचे. खरं नाव मी इथं सांगत नाही. तुम्हाला ते काहून पाहिजे, असं ते आधी विचारतील.

एकदा एका डेअरीवाल्याचा क्लेम आला होता, म्हैस मेल्याचा. सोबत तीन फोटो. म्हैस आडवी पडलेली, डोळे मिटलेले, शेजारी डेअरीवाला तोंड पाडून उभा. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. खात्रीसाहेबांनी फोटो टेबलावर ओळीनं मांडले, बराच वेळ बघितले, आणि डेअरीवाल्याला बोलावून खुर्ची दिली. चष्मा काढला.

"म्हैस चांगली होती?"

"लई गुणाची होती साहेब."

"असनच. मेल्यावरही रवंथ करून राहिली."

तिन्ही फोटोंत म्हशीचा जबडा वेगवेगळ्या जागी होता. डेअरीवाला आधी शपथा घेऊ लागला, मग त्यालाच हसू फुटलं. हेही हसले. त्याला चहा पाजून त्यांनी म्हशीची खुशाली विचारली.

मोबाईलवर 'तुमचं खातं बंद होणार' असे फोन येतात, ते आपण कापून टाकतो. हे कापायचे नाहीत. फोनवरच्या मुलाला गाव विचारायचे, बाप काय करतो विचारायचे, जेवला का विचारायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडून ऐकत बसायचो. शेवटी तोच मुलगा वैतागून फोन बंद करायचा आणि हे आम्हाला सांगायचे, "आवाजावरून पोरगं वाईट नाही वाटत. संगत वाईट आहे."

तर असा हा माणूस. अंगावर ना अंगठी, ना गंडा, ना दोरा. 'हे बांधून काय होते?' याचं उत्तर आजवर कोणी देऊ शकलेलं नव्हतं. म्हणूनच त्यांच्या हातात ते गुलाबी कडं दिसलं तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात एकदम पाल चुकचुकली.

त्या वर्षी ते उन्हाळ्याच्या आधीच लांब रजेवर गेले होते. खाप्याला त्यांचं वडिलोपार्जित घर आहे, त्याचं काम काढलंय एवढंच सांगून. परत आले ते पोळ्याच्या सुमाराला. डोक्याचं मुंडण झालेलं. मिशी काढलेली. शर्ट खांद्यावरून उतरत होता. आणि उजव्या मनगटात रबराचं गुलाबी कडं, त्यावरची अक्षरं निम्मी पुसलेली.

त्यांच्या समोरच्या टेबलावर बोंद्रे बसायचे. ऑफिसातली कुठलीही बातमी बोंद्र्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय खरी धरली जात नसे. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, मुंडण पाह्यलं? मिशी पाह्यली? घरात कोणी तरी गेलं."

"आईवडील तर कधीच गेले त्यांचे."

"मग कोण राहिलं?" बोंद्र्यांनी आवाज उतरवला. "अन् ते गुलाबी कडं कशाचं असते, माहीत आहे ना? बायांच्या कॅन्सरचं. आता तुम्हीच जोडा."

जोडायला काही कठीण नव्हतं. त्यांची बायको आम्ही कोणी पाहिलेली नव्हती. ते कोणाला घरी बोलवत नसत. दुपारी मी जाऊन हळूच म्हणाले, "साहेब, कळलं. फार वाईट वाटलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्म्याला हात घातला, पण काढला नाही. "हं," म्हणाले. तेवढंच. पण त्या 'हं'वर आमची खात्री पटली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातल्या बायका त्यांच्यासाठी डब्यात एक पोळी जास्त आणू लागल्या. ते पोळी उलटीसुलटी करून बघायचे, मग खायचे.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. मुंडण झालेल्या माणसाच्या डोक्यावर आठवड्याभरात खुंट दिसू लागतात. यांचं डोकं घासलेल्या तांब्यासारखं तुळतुळीत राहिलं होतं. आणि भुवया? शोक झाला म्हणून भुवया कोणी काढतं का?

पुढच्याच रविवारी मी सीताबर्डीला गेले होते. व्हरायटी चौकापाशी गर्दीत मला खात्रीसाहेब दिसले. डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत पिशव्या, आणि पुढे एक ठेंगणी, गोलसर बाई तरातरा चाललेली. ती वळून वळून त्यांना भर रस्त्यात बोलत होती, "चाला ना लवकर! पाय आहेत का काय आहे!" आणि हे, ज्यांच्या समोर मॅनेजरसुद्धा शब्द मोजून बोलायचे, गुपचूप मागे चालले होते. तिनं एका दुकानात ब्लाउजपीस बघितला, यांनी कापडाचा धागा ओढून बघितला, तिनं त्यांच्या हातावर चापट मारली.

मी खांबाआड झाले. बायको जाऊन एवढ्यात दुसरी? तीसुद्धा अशी, हक्कानं चापट मारणारी? म्हणजे हे प्रकरण आधीपासूनचं असणार. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात पूर्ण कादंबरी तयार झाली होती. बोंद्र्यांना मी काही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून मी जास्तीची पोळी नेणं बंद केलं.

ऑक्टोबरात एक संस्था आमच्या ऑफिसात आली. गुलाबी फलक, गुलाबी फुगे आणि खोकाभर गुलाबी कडी. स्तनाच्या कर्करोगाची जागृती. सोबत आलेल्या तरुण बाईनं दहा मिनिटं छान भाषण केलं, प्रत्येकाच्या हातात कडं घातलं, आणि आम्ही सगळे मुठी वर करून फोटोला उभे राहिलो. खात्रीसाहेब खुर्चीतच बसून होते.

"सर, तुम्ही पण या ना फोटोत."

"आधी एक विचारतो. हे घातल्यावर पुढं काय करायचं?"

"जागृती होते सर."

"जागं झाल्यावर काय करतात?"

बाई गोंधळली. "म्हणजे?"

"म्हणजे जागं झाल्यावर माणूस उठते. तोंड धुते, कामाले लागते. इथं तर फोटो काढून सारे परत झोपून राहिले."

कोणीतरी फस्सकन हसलं. बाईचा चेहरा उतरला. ती जरा तिखटपणे म्हणाली, "सर, तुम्हाला नको असेल तर राहू द्या. हे तसंही महिलांसाठीच आहे." मग तिचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं आणि हातातलं कडं तिनं खोक्यात परत टाकलं. त्यांचे ओठ हलले. काहीतरी अगदी तोंडाशी आलं होतं, मला दिसलं. पण त्यांनी फाईल उघडली आणि वाचायला लागले.

त्यानंतर मात्र त्यांनी आमचा पिच्छाच पुरवला. ज्याच्या हातात कडं दिसेल त्याला विचारायचे, "तपासून घेतलं का? नाही? मग कडं कशाले घातलं?" मला विचारलं. साठीला आलेल्या सफाईवाल्या मावशींना विचारलं. बोंद्र्यांनाही विचारलं. बोंद्रे हसून म्हणाले, "साहेब, माह्यापाशी काय आहे तपासाले?" आणि सगळे हसले. दोन दिवसांत निम्म्या ऑफिसनं कडी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. काढलेल्यांनाही ते विचारायचे, "काढलं काहून?"

रिसेप्शनवर स्नेहल नावाची मुलगी होती. पंचविशीची, कामात चोख, कोणाचं ऐकून न घेणारी. तिच्या हातात कडं होतं. खात्रीसाहेबांनी तिला एकदा विचारलं. तिनं हसून टाळलं. दुसऱ्या वेळी तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या वेळी समोर चार ग्राहक उभे असताना यांनी विचारलं, "घरी आरशासमोर उभं राहून तरी पाहता का?" ग्राहकांतल्या एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. स्नेहल उठली, आत गेली, आणि तासाभरात तिची लेखी तक्रार आली.

ऑफिसातल्या तक्रार समितीत मी होते. अध्यक्ष मॅडम विभागीय कार्यालयातून आल्या. त्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या आणि तशाच होत्या. खात्रीसाहेब समोर येऊन बसले. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. हातात तक्रारीची प्रत. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि यावेळी तो पुसला.

"बरोबर लिहिलं तिनं," ते म्हणाले. "मी विचारलं. चारचौघांत विचारायले नको होतं."

अध्यक्ष मॅडमनी बहुधा वादाची तयारी केली होती. "पण विचारलंच का? तुमचा हेतू काय होता?"

"हेतू चांगला होता. पण हेतू काही तिले दिसत नव्हता."

"हे बघा," मॅडमचा आवाज किंचित मऊ झाला, "तुमच्या मिसेस गेल्या, ते आम्हाला माहीत आहे. माणूस अशा वेळी..."

"कुठं गेली?"

"अं?"

"कुठं गेली ते? सकाळी तर तिनं डबा भरून दिला."

मी टेबलाखाली माझेच हात घट्ट धरले. म्हणजे सीताबर्डीची ती बाई! मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी फाईलकडे. मॅडमचा आवाज पुन्हा कडक झाला. "तुमच्या मिसेस हयात आहेत? मग इथं सगळे समजतात त्या गेल्या, तुम्ही लोकांची सहानुभूती घेता, पोळ्या खाता..."

"मी कधी म्हटलं ते गेली?"

"मी वाईट वाटलं म्हटलं, तेव्हा तुम्ही 'हं' म्हणालात," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. खरोखरीचं नवल होतं त्यांच्या चेहऱ्यावर. "तुम्ही त्यासाठी म्हटलं होतं? मले वाटलं, तुम्हाले समजलं."

"काय समजलं?"

ते खाली बघत कडं मनगटावर फिरवत राहिले. मॅडमनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. "घरचं आहे," एवढंच म्हणाले. मॅडमनी सोमवारपर्यंत मुदत दिली आणि ते गेल्यावर मला म्हणाल्या, "हा माणूस काहीतरी लपवतोय." मलाही तसंच वाटत होतं. बायको जिवंत, मुंडण खोटं, कडं कोणाचं ते सांगत नाही. माझ्या मनातली कादंबरी आता अजूनच काळीकुट्ट झाली होती.

शनिवारी दुपारी, ऑफिस सुटता सुटता, ती ठेंगणी बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. कपाळाला मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी, जिना चढून दम लागलेला.

"कमिटीतल्या बाई तुम्हीच ना?"

"हो. आपण?"

"मीच वं ते मेलेली."

मी उठून उभी राहिले. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. पाण्याचा ग्लास दिला तो एका दमात रिकामा केला. "काल घरी आले तं जेवले नाही. मी म्हटलं काय झालं. म्हणे, ऑफिसात तुले मारून टाकलं. मले तं हसूच आलं. मग पाहतो तं हे रडून राहिले." ती पुढे वाकली. "तुम्हाले सांगतो मी. त्यायले नका सांगू मी आली होती."

आणि तिनं सांगितलं.

"हिवाळ्यात आंघोळीले पाणी देऊन राहिली होती मी. यायच्या छातीवर, डाव्या बोंडाखाली, वाटाण्याएवढी गाठ दिसली. म्हटलं, हे काय? तं म्हणे, गळू होईन, घामोळं असन. हिवाळ्यात घामोळं! साऱ्या दुनियेवर शंका घेणारा माणूस, अन् आपल्या अंगावर काडीची शंका नाही. मीच मागं लागली. भांडली, अबोला धरला, तेव्हा आले दवाखान्यात."

"म्हणजे... त्यांना?"

"त्यायलेच. माणसालेही होते वं बाई. कमी होते, पण होते. आमाले तरी कुठं माहीत होतं!" तिनं पदरानं मान पुसली. "दवाखान्यात साऱ्या बायाच बाया. यायचं नाव पुकारलं, हे उठले. तं ते सिस्टर म्हणे, काका तुम्ही बसा, काकूले पाठवा. मी म्हटलं, माय, मले काही नाही झालं. तरी मलेच आत नेऊन पलंगावर बसवलं. बाहेर येऊन पाहतो तं हे भिंतीकडं तोंड करून उभे. घरी चाल म्हणे. मले हे दुखणं नाही पाहिजे, दुसरं कोणतं असतं तं चाललं असतं."

ऑपरेशन झालं. मग केमोची सलाईनं. डोक्यावरचे केस गेले, मिशी गेली, भुवया गेल्या. स्वतः जन्मभर क्लेम तपासले, पण स्वतःचा क्लेम त्यांनी टाकला नाही. कागद बोंद्र्यांच्या टेबलावरून गेले असते.

"आणि ते कडं?" मी विचारलं.

"काटोलकडची एक बाई होती. यायच्या बाजूच्या खुर्चीवर तिचं सलाईन चाले. एक दिवस कोण्या संस्थेच्या पोरी आल्या अन् साऱ्या पेशंट बायांले हे कडे वाटले. यायले नाही दिलं. पेशंटसोबत आलेले आहेत समजल्या. हे हात मागं घेऊन बसले. तं त्या बाईनं आपल्या हातातलं काढलं अन् यायच्या हातात घातलं. म्हणे, भाऊ, आपलं दुखणं एकच, मग लाजता काहून?"

काकूंनी रिकामा ग्लास टेबलावर बाजूला सरकवला.

"तिचं लई पसरलं होतं. यायचा तं स्वभाव तुम्हाले माहीत आहे, विचारल्याबिगर राहवत नाही. यायनं विचारलं, बाई, एवढा उशीर काहून केला? तं ते म्हणे, घरात कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तं सांगितलं असतं." काकू उठल्या. पिशवी काखेला मारली. "पोळ्याच्या आधी गेली ते. अन् ऑफिसात ते कडे वाटले तेव्हापासून हे विचारत सुटले. मी म्हटलं होतं, लोक उलटा अर्थ घेतीन. तं म्हणे, घेऊ दे."

दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या. "त्या पोरीचं चुकलं असं नाही म्हणत मी. माह्या पोरीले कोणी असं विचारलं असतं तं मी चप्पल काढली असती. पण हा माणूस तसा नाही. एवढंच सांगाचं होतं."

मी त्यांना म्हटलं, हे समितीपुढे त्यांनी स्वतःच सांगायला हवं. मी परस्पर काही बोलणार नाही. काकूंनी मान हलवली. "नाही सांगणार ते. पण पाहतो मी." घरी जाऊन त्यांनी काय केलं, पुन्हा अबोला धरला की काय, देव जाणे.

सोमवारी ते आले. स्नेहलला बोलवा म्हणाले. ती आली, हाताची घडी घालून उभी राहिली. त्यांनी एकदा तिच्याकडे आणि मग टेबलाकडे बघून, क्लेमचा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात सांगितलं, "मले छातीचा कॅन्सर झाला होता. डावी बाजू काढली. माहीत नव्हतं माणसाले होते म्हणून, त्यामुळं उशीर केला. दुसऱ्या कोणी करू नये म्हणून विचारत होतो. पण तुम्हाले जसं विचारलं तसं विचारायले नको होतं. माफी मागतो."

अध्यक्ष मॅडमनी पेन खाली ठेवलं. स्नेहलची हाताची घडी सुटली, पण ती विरघळून गेली नाही. म्हणाली, "सर, मला बाजूला घेऊन, एखाद्या मॅडमना सोबत घेऊन सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. त्या दिवशी लोक हसले. ते मला अजून ऐकू येतं."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

तिनं तक्रार मागे घेतली नाही, आणि घ्यावी असं त्यांनीही सुचवलं नाही. समितीनं त्यांना लेखी समज दिली. ती त्यांनी दोनदा वाचून सही केली. मॅडम गाडीत बसताना मला एवढंच म्हणाल्या, "पुरुषाला होतं, हे मला खरंच माहीत नव्हतं हो."

बाहेर बातमी फुटायची ती फुटलीच. बोंद्र्यांचा मात्र विश्वास बसेना. "बनावट आहे," ते आठवडाभर म्हणत होते. "समितीतून सुटाले केलेली स्टोरी. माणसाले कुठं होते? होते का कुठं?" खात्रीसाहेबांच्या कानावर हे गेलं. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मीही नसता ठेवला विश्वास." पण त्या दिवसानंतर ते ऑफिसात कोणालाही काही विचारेनासे झाले. संत्रेवाल्याकडूनही मुकाट्यानं संत्री घेऊ लागले. मला ते बघवत नसे. संशय न घेणारे खात्रीसाहेब म्हणजे कोणीतरी परकाच माणूस त्यांच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखं वाटे.

निवृत्तीनंतर ते काकूंना घेऊन खाप्याला राहायला गेले. एका हिवाळ्यात काकूंचा फोन आला. तिथल्या समाजभवनात तपासणीचं शिबिर ठेवलं होतं, नागपूरहून डॉक्टर बाई येणार होत्या. "यायनंच ठरवलं सारं. तुम्ही या. अन् त्या पोरीलेही आणा, येत असन तं." मी स्नेहलला विचारलं. ती हो म्हणाली.

कन्हान नदीच्या काठचं गाव ते. आम्ही पोचलो तेव्हा भवनाच्या आत बायकांची रांग लागली होती. बाहेर अंगणात, उन्हात, पुरुष बसले होते. काही बायकांना सोडायला आलेले, काही नुसतेच. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, आतल्या रांगेकडे बघत एकमेकांत काहीतरी बोलून हसत होते. खात्रीसाहेब त्यांच्यासमोर उभे राहून सांगत होते की माणसालाही हे दुखणं होतं, छातीवर गाठ लागली तर दाखवा, लाजू नका.

"काका," एक जण मागून ओरडला, "आमी बी लायनीत लागू का मग? पोलकं घालून येऊ?"

अंगण हसलं. स्नेहल माझ्या शेजारी ताठ झाली.

खात्रीसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. मला आधी कळेचना ते काय करतायत. शर्ट काढला, बनियन डोक्यावरून काढली, दोन्ही काकूंच्या हातात दिली. उजवीकडे म्हाताऱ्या माणसाची साधी छाती. डावीकडे काही नव्हतं. नुसती सपाट, ओढलेली कातडी आणि काखेपर्यंत गेलेला लांब व्रण. ते उन्हात तसेच उभे राहिले. थंडीनं त्यांच्या दंडावर काटा आला होता.

हसू जिथल्या तिथे थांबलं. मघाचा तो ओरडणारा खाली बघू लागला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तोंडातला खर्रा थुंकला, हात डोळ्यांवर धरून नीट बघितलं आणि विचारलं, "आता दुखते का गा?"

"नाही. आता नाही दुखत. गाठ आधीही नव्हती दुखत, म्हणून तर घोटाळा झाला."

"घाला आता," काकू म्हणाल्या. त्यांनी स्वतःच बनियन त्यांच्या डोक्यातून घातली, लहान मुलाला घालतात तशी.

लोक हळूहळू उठले, पांगले. मला वाटलं, संपलं. ते शर्टाची बटणं लावत होते तेव्हा भिंतीपाशी बसलेला एक माणूस, असेल चाळिशीचा, हळूच त्यांच्याजवळ आला. इकडेतिकडे बघितलं. मग स्वतःच्या सदऱ्यावर, डाव्या बाजूला, दोन बोटं टेकवली.

खात्रीसाहेबांनी त्याला काहीही विचारलं नाही. त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं भवनाच्या पायऱ्या चढले. आत बायकांची रांग दारापर्यंत आलेली. त्या माणसाचे पाय उंबऱ्यातच अडले.

रांगेच्या टोकाची एक बाई मागे सरकली. मग तिच्या पुढची सरकली. "या भाऊ," ती म्हणाली, "इथं उभे राहा. आमच्यामंदी."